तीन नंबर उपाशी : १.४ टी-जेटच्या प्रकल्प नोंदी

४ मार्च

गाडी फियाट लिनिया टी-जेट. १३६८ सीसी, चार सिलिंडर, पोर्ट इंजेक्शन, बोअर ७२ मिमी, स्ट्रोक ८४ मिमी. ९२ हजार किमी. रीमॅप (ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, बदललेला प्रोग्राम) २०१९चा, इंजेक्टर कंपनीचेच, बूस्ट (टर्बोचा जादा दाब) १.२ बार. डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) मोठा, समोर मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी), डॅशबोर्डवर वाइडबँड मीटर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं). परभणीहून छत्रपती संभाजीनगरला टेम्पोवर चढवून आणली, चालवत आणू दिली नाही.

तक्रार अशी : गरम झाल्यावर उभ्या गाडीत मिसिंग, ४२०० आरपीएमच्या वर पिकअप मेलेला, ब्रीदरमधून (इंजिनच्या श्वासनळीतून) ऑइलची वाफ आणि गिअर बदलताना निळा धूर. वाइडबँड मात्र पूर्ण थ्रॉटलला १२.८ दाखवतो. म्हणून 'मिक्श्चर ठीक आहे, कॉइल गेली असेल' असा निदानाचा कागद गाडीसोबतच आला. दोन कॉइल बदलून झाल्या होत्या.

इथून पुढे कॉम्प्रेशन कळेपर्यंत पूर्ण थ्रॉटल बंद. ज्या पिस्टनचा काठ गेला आहे त्याच्यावर 'एकदा लॉग काढून बघू' म्हणून बूस्ट चढवला, की दुरुस्तीचा खर्च ब्लॉकपर्यंत जातो. जुने लॉग मीटरच्या कार्डात होते, तेच वापरायचे ठरले.

५ मार्च

आधी फुकटच्या चाचण्या. इंजिन गरम, एसी बंद, एकेका इंजेक्टरचं सॉकेट काढून आरपीएम किती पडतो ते पाहिलं. १, २ आणि ४ नंबर काढले तर ११० ते १२० आरपीएम पडतात. ३ नंबर काढला तर फक्त ४०. म्हणजे हा सिलिंडर कामावर हजर आहे, पण काम करत नाही. ३ आणि ४च्या कॉइल अदलाबदल केल्या, मिसिंग ३लाच राहिलं. कॉइलचा विषय तिथेच संपला.

प्लग काढले. १, २, ४चं पोर्सेलीन फिकट बदामी. ३चं खडूसारखं पांढरं, त्यावर भिंगातून दिसणारे चमकदार बारीक मणी, काळी मिरी भरडून शिंपडल्यासारखे. ते मणी अॅल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टनचे. ग्राउंडच्या पट्टीवरचा उष्णतेचा डाग बाकीच्या तीन प्लगांत वळणाच्या आसपास आहे, ३मध्ये पार आट्यांपर्यंत उतरलाय. प्लग वाचताना नुसता रंग बघून भागत नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर सगळेच प्लग फिके दिसतात. चारही शेजारी ठेवून जो वेगळा दिसतो त्याच्यावर बोट ठेवायचं.

प्लगचा आकडा बघितला तर मूळचाच, स्टँडर्ड हीट रेंजचा (उष्णता बाहेर टाकायच्या क्षमतेचा). १.२ बारला एक पायरी थंड प्लग हवा होता. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलट. दुकानदार 'याच्या जागी तो चालतो' म्हणून देतो तेव्हा इथेच गफलत होते.

७ मार्च

कॉम्प्रेशन. चारही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइल डिस्कनेक्ट, बॅटरीला चार्जर, थ्रॉटल पूर्ण उघडा (इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे, तो हाताने उघडून आधार लावला), प्रत्येकी सहा फेरे.

१ नंबर १२.४ बार, २ नंबर १२.२, ३ नंबर ८.१, ४ नंबर १२.०.

३मध्ये चमचाभर, साधारण ५ मिली, इंजिन ऑइल घालून पुन्हा घेतलं : १०.९. ऑइलने वाढलं म्हणजे गळती रिंगांच्या बाजूला. व्हॉल्व्ह गेला असता तर आकडा जागचा हलला नसता.

खात्रीसाठी लीकडाउन (हवा भरून किती गळते ते मोजणं), पिस्टन टॉप डेड सेंटरला (सगळ्यात वर), कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, ६ बार हवा. क्रँक पुलीच्या बोल्टवर गोटी पाना लावून तो आधी टेकवून ठेवायचा. पिस्टन केसभर जरी पुढे-मागे असला तरी हवा क्रँक फिरवते आणि पाना हातावर बसतो. गळती : ९, ११, ३८, १२ टक्के. ३ची हवा ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुसते. इनटेक आणि सायलेन्सर गप्प, कूलंटच्या डब्यात बुडबुडा नाही.

बोअरस्कोप (प्लगच्या भोकातून आत बघायचा कॅमेरा) : तीन पिस्टनांवर नेहमीचा काळा थर, ३ची एक्झॉस्टकडची कडा उघडी, राखाडी, वाळूचा मारा बसल्यासारखी खरखरीत. एक शंका मात्र मिटवून घेतली. पिस्टन स्वच्छ दिसला की लोक लगेच 'लीन' (पेट्रोल कमी, हवा जास्त) म्हणतात, पण हेड गॅस्केटमधून कूलंट आत येत असलं तरी वाफेने पिस्टन असाच धुऊन निघतो. कूलिंग सिस्टीमला १.२ बार दाब देऊन वीस मिनिटं ठेवली. काटा हलला नाही. शिवाय वाफेने धुतलेला पिस्टन गुळगुळीत असतो, हा खडबडीत आहे. हे नॉकिंगचं, म्हणजे पेट्रोल अवेळी फुटून पिस्टनवर बसणाऱ्या हादऱ्यांचं काम.

८ मार्च

जुने लॉग. तिसरा गिअर, ४२०० ते ५५००, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या, हवेचा दाब मोजणारा) २.१५ बार. (इथली उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, बाहेरची हवाच सुमारे ०.९५ बार. त्यामुळे २.१५ म्हणजे मीटरवरचे १.२.) इनटेकचं तापमान ६१ अंश, बाहेर ३९. नॉकिंग टाळायला टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे खेचलेलं : १, २, ४ला दीड अंश, ३ला साडेसात. ईसीयू सांगत होता, वाचलं कोणी नाही. लाँग टर्म ट्रिम, म्हणजे ईसीयूने स्वतःहून केलेली पेट्रोलची दुरुस्ती, अधिक १० टक्के. ५५०० आरपीएमला इंजेक्टर १९.६ मिलिसेकंद उघडा. या वेगाला चार स्ट्रोकच्या एका चक्राला २१.८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ड्यूटी (उघडं राहण्याचा वाटा) ९० टक्के. ८५च्या वर इंजेक्टरवर भरवसा ठेवू नये.

मॅपमध्ये (ईसीयूच्या पेट्रोल-टायमिंगच्या तक्त्यात) मागणी लॅम्डा ०.८०ची (१.० म्हणजे पूर्ण ज्वलनाला नेमकी हवा, त्याखाली पेट्रोल जास्त) आणि वाइडबँडवर ०.८७ (पेट्रोलच्या जुन्या १४.७च्या मापाने १२.८). ट्रिमने दहा टक्के वाढवूनही सात-आठ टक्के कमी. म्हणजे पेट्रोल तीन-चार ठिकाणी हरवतंय.

मीटरवर १२.८ पाहून समाधान मानण्यात आणखी एक अडचण आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं पूर्ण ज्वलनाचं प्रमाण १४.७ नाही, साधारण १३.५. सेन्सर मुळात लॅम्डाच मोजतो, मीटर त्याला १४.७ने गुणून दाखवतं. म्हणून मीटर आधी लॅम्डावर टाकून घेतलं. पुढच्या सगळ्या नोंदी त्यातच.

१० मार्च

पेट्रोलची बाजू. टाकीतला नमुना घेतला. १०० मिलीच्या मोजपात्रात ८० मिली पेट्रोल, २० मिली मिठाचं पाणी, हलवून दहा मिनिटं ठेवलं. खालचा थर २०वरून ३५.५वर. वाढलेले १५.५ मिली भागिले ८०, म्हणजे सुमारे १९ टक्के इथेनॉल. पंपावर जे मिळतं तेच. २०१९ला देशभराचं सरासरी मिश्रण पाच टक्क्यांच्या आसपास होतं. पाचवरून वीसवर आलं की इंजेक्टरच्या त्याच पल्सला (उघडं राहण्याच्या वेळेला) मिश्रण सुमारे ६ टक्के लीन होतं. आपल्याच भागात उसाच्या मळीपासून इथेनॉल होतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. नॉकिंगविरुद्ध ते मदतच करतं. पण मॅप जुन्या पेट्रोलचा ठेवून नवं पेट्रोल पाजलं तर हिशेब जुळणार नाही.

पंपाचा दाब. रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीचा) दाब ३.५ बार, रेग्युलेटर टाकीत, त्याला मॅनिफोल्डमधल्या दाबाचा संदर्भ नाही. म्हणजे १.२ बार बूस्टला इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक २.३ बारच उरतो आणि प्रवाह वर्गमुळाने पडतो, मूळच्या ८१ टक्क्यांवर. हे मॅपमध्ये धरलेलं असतं. पण रेलचा दाब आणखी थोडा जरी पडला तरी तो थेट या तुटपुंज्या फरकातून वजा होतो.

इंजिन न फिरवता पंपावर भार टाकला : रेलला टी जोडून नीडल व्हॉल्व्ह, त्यातून पेट्रोल कॅनमध्ये, बॅटरीला चार्जर लावून १३.८ व्होल्ट. व्हॉल्व्ह इतका उघडला की १५ सेकंदांत १९० मिली पडावं, म्हणजे मिनिटाला ७६० मिली, पूर्ण भाराएवढं. उघड्यावर, आग विझवायचा सिलिंडर हाताशी, मोबाइल लांब.

भार नसताना ३.५ बार. भारावर ३.२. फरक २.३ऐवजी २.०, प्रवाहात ७ टक्के तूट. पंपाच्या सॉकेटवर व्होल्ट मोजले : ११.८. दोन व्होल्ट वाटेत गायब. पंपाला थेट बॅटरीवरून वायर दिली तर ३.४. म्हणजे मोठा चोर वायरिंग, छोटा चोर गाळणी. मागच्या सीटखालचा अर्थिंगचा लग हिरवा पडलेला निघाला. टाकीतल्या गाळणीवर तपकिरी डिंक आणि काळी धूळ. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला थर इथेनॉल सोडवतं आणि तो गाळणीवर येऊन बसतो.

१४ मार्च

इंजेक्टर बेंचवर, ३ बार, ३० सेकंद पूर्ण उघडे. १ नंबर १२१ मिली, २ नंबर ११९, ३ नंबर १०१, ४ नंबर १२०.

सापडला. ३चा फवाराही शंकूचा नाही, एका बाजूला सुतासारखी धार.

आता गणित मांडलं. चौघांची सरासरी ११५.२५. ३ला सरासरीच्या ८७.६ टक्के मिळतं, बाकीच्यांना साधारण १०४. हवा सगळ्यांना सारखी धरली तर वाइडबँडवर ०.८७ असताना ३चा खरा लॅम्डा ०.८७ भागिले ०.८७६, म्हणजे ०.९९. बाकी तिघे ०.८४वर. चार माणसांच्या पंगतीत तिघं तुडुंब जेवले, एक अर्धपोटी उठला, आणि वाढप्याने सरासरी काढून सगळे जेवल्याचं सांगितलं. वाइडबँड डाउनपाइपमध्ये चौघांचा धूर एकत्र हुंगतो, तो याहून वेगळं काही सांगूच शकत नाही. १.२ बार बूस्टला ०.९९वर सिलिंडर गार ठेवणारं जास्तीचं पेट्रोलच उरत नाही. त्यात इनटेक ६१ अंश. मग नॉकिंग.

तोच घोळ हळू चालवतानाही. क्लोज्ड लूपमध्ये (सेन्सर बघून मिश्रण दुरुस्त करताना) ईसीयू सरासरी १.० करतो, तेव्हा ३ असतो १.१४वर, बाकीचे ०.९६वर. उभ्या गाडीतलं मिसिंग त्यातलंच.

आणि ट्रिमचे १० टक्केही जुळले : ६ इथेनॉलचे, ४ या एका इंजेक्टरने ओढलेल्या सरासरीचे. दाबाची ७ टक्के तूट फक्त भारावर येते, म्हणून ती ट्रिमला कधी दिसलीच नाही. ०.८०ला ०.९४, ०.९३ आणि ०.९६ने भागून मग १.१०ने भागलं की ०.८७ येतं. वाइडबँडवरही तेच.

मॅपमध्ये सरसकट पेट्रोल वाढवणं हा यावरचा उपाय नाही. ३ला ०.८४वर आणायचं तर बाकी तिघांना ०.७१पर्यंत बुडवावं लागेल. ते प्लग काळे करतील, बोअरवरचं ऑइल धुतील.

अल्ट्रासोनिक वीस मिनिटं, उलट दिशेने फ्लश, आतली जाळी नवी. पुन्हा : १२२, १२१, ११४, १२१. ३ अजून सहा टक्के मागे. चौघांत दोन टक्क्यांच्या वर फरक असलेला सेट टर्बोच्या गाडीत परत घालत नाही. सेट बाद.

१९ मार्च

हेड उघडलं, सम्प उतरवला, पिस्टन बाहेर. ३चा दुसरा लँड, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली भिंत, २२ मिमी लांबीत तुटून खाचेतच अडकलेला. तुकडा वर गेला नाही हे नशीब. पहिल्या रिंगची टोकं आरशासारखी चकचकीत : उष्णतेने रिंग फुगून टोकाला टोक भिडलं होतं. म्हणजे लँडवर मार दोन्हीकडून, वरून नॉकिंगचा आणि बाजूने अडकलेल्या रिंगचा.

३च्या बोअरवर उभा ओरखडा, नख अडकतं. बोअर गेजवर ०.०७ मिमी झीज. ३च्या रॉडचं वरचं बेअरिंग मधोमध चपटं होऊन चमकतंय, बाकीची मॅट. ऑइल फिल्टर कापून कागद उलगडला, चुंबकाला न चिकटणारे चंदेरी कण. टर्बोची टर्बाइन पाती भिंगाखाली धड, शाफ्टचा खेळ ठीक, टर्बो ठेवला. इंटरकूलरमधून वाटीभर ऑइल निघालं. बाहेरून त्याच्या जाळीत काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगचा कापूस नमद्यासारखा बसलेला. ६१ अंशांचं कारण हेच. कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुतला. जेटने धुतलं तर पाती आडवी होतात.

एअर लीकही तपासून टाकली. ही गाडी मॅप सेन्सरवर हवा मोजते, त्यामुळे बूस्टचा होज फाटला तरी मिश्रण लीन होत नाही, टर्बोला जास्त पळावं लागतं एवढंच. एका रनरच्या (एकाच सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीच्या) गॅस्केटची गळती मात्र एकाच सिलिंडरला बाधू शकते. धुराच्या चाचणीत काही नाही.

२ एप्रिल

फोर्ज्ड पिस्टन आले, २६१८ मिश्रधातूचे, ओव्हरसाइज. ते हातात येण्याआधी ब्लॉक चिकलठाणा एमआयडीसीतल्या बोअरिंगवाल्याकडे दिला नव्हता आणि पिस्टनांआधी ब्लॉक कधी देऊही नये. डब्यावरचा आकडा हा अंदाज, पिस्टन हातात घेऊन स्कर्टवर (खालच्या भिंतीवर) बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर मायक्रोमीटर लावायचा. चार पिस्टनांत ०.००५ मिमीचा फरक निघाला. प्रत्येकाला नंबर टाकून बोअर त्याच्या त्याच्या मापाने, मोकळीक ०.०७५ मिमी. २६१८ जास्त फुगतो, त्याला एवढी लागतेच. थंडीत सुरू करताना थोडा खडखडाट येईल. तो कमी करायला मोकळीक घटवली तर पिस्टन धरेल.

होनिंग (बोअर घासून शेवटचं माप देणं) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट, लावून. हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकडा होतो, तो वाकडा असतानाच गोल करून घ्यायचा.

९ एप्रिल

ब्लॉक गरम पाणी आणि धुण्याच्या साबणाने, ब्रशने. पेट्रोल किंवा डिझेलने होनिंगची पूड निघत नाही, उलट रेघांत जाऊन बसते. पांढरं कापड फिरवून राखाडी येणं थांबेपर्यंत धुतला (पाचव्यांदा थांबलं) आणि लगेच ऑइलचा हात.

रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेज : डब्यातून आल्या तशा ०.२५ मिमी. टर्बोला पहिल्या रिंगची फट बोअरच्या ०.००५५ पट धरली, ७२ला ०.४०. दुसरीची ०.४५. कानस एकाच दिशेने, बाहेरून आत. पहिल्या रिंगचा शेवट आठवतोय, म्हणून इथे घाई नाही.

रॉडचे बोल्ट, हेडचे बोल्ट, बेअरिंग, हेड गॅस्केट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप नवे. प्लास्टिगेजने (चेपून मोकळीक दाखवणाऱ्या धाग्याने) रॉड बेअरिंगची मोकळीक ०.०४५ मिमी.

१२ एप्रिल

नवा पंप, नवी गाळणी. पंपाला बॅटरीवरून वेगळी २.५ चौरस मिमीची वायर, फ्यूज, रिले. मूळची पंपाची वायर आता फक्त रिलेला इशारा देते, त्यामुळे अपघातात पंप बंद होण्याची सोय शाबूत. अर्थिंग घासून नवं. पंपावर १३.३ व्होल्ट, ७६० मिलीच्या भारावर ३.४८ बार.

इंजेक्टर मोठे, एकाच बेंचवर जुळवलेले चार, फरक एक टक्क्याच्या आत. मॅपमध्ये नुसता आकार बदलून चालत नाही. इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ व्होल्टेजनुसार वेगळा असतो, तो तक्ता याच इंजेक्टरचा भरला. तो चुकला तर भारावर सगळं छान आणि आयडलला गोंधळ, असं होतं. प्लग एक पायरी थंड, गॅप ०.६५.

२० एप्रिल

मॅप पुण्याला डायनोवर (रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर). तोवर ५०० किमी बिनबूस्टची, पण नुसती हळूही नाही : चौथ्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलने ओढायची, मग पाय काढून इंजिनच्या ब्रेकवर सोडायची, असं पुन्हा पुन्हा. रिंगा भारावरच बसतात. मिनरल ऑइल, ५० किमीला बदललं, ५००ला पुन्हा.

नवी मागणी पूर्ण भाराला लॅम्डा ०.८०, बूस्ट १.० बार, टायमिंग आधीपेक्षा दोन अंश कमी. इनटेक ५० अंशांवर गेलं की टायमिंग आणि बूस्ट दोन्ही आपोआप उतरतील. समृद्धीवर उन्हाळ्यात तासभर सलग वेग ठेवला की इंटरकूलर तापून बसतो, डायनोवरच्या दहा सेकंदांत ते दिसत नाही. बूस्ट १.२वर परत न्यायची गाडीमालकाची मागणी होती. नाही केलं.

मिळालं ते : लॅम्डा ०.८०, ड्यूटी ६८ टक्के, चारही सिलिंडरचं टायमिंग मागे खेचणं शून्य ते दीड अंश.

११ मे

१,१०० किमी. दुपारी ४१ अंशांत जालना रस्त्यावर लॉग : इनटेक ५२, बूस्ट आपोआप ०.९ला उतरलेला. ट्रिम अधिक १. कॉम्प्रेशन १२.६, १२.५, १२.६, १२.४. लीकडाउन ६ ते ८ टक्के. चारही प्लग शेजारी ठेवले तर कोणता कुठला ते नंबर बघितल्याशिवाय ओळखू येत नाही.

बाकी : पावसाळ्यात अर्थिंगचा लग पुन्हा उघडून व्होल्ट मोजणे. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की इंटरकूलरची जाळी दर महिन्याला. ४ नंबरच्या कॉइलच्या रबरी बुटाला बारीक चीर दिसली, बूट मागवला आहे.